लिंकन यांचं घर फुकट का पाहता येतं

इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावात, आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्ता यांच्या कोपऱ्यावर अब्राहम लिंकन यांचं लाकडी घर उभं आहे. पाहायला गेलात तर तिकीट घ्यावं लागतं, पण त्याचे पैसे पडत नाहीत. ही सवलत लिंकन यांच्या थोरल्या मुलामुळे मिळाली आहे.

हे घर लिंकन यांनी १८४४ मध्ये घेतलं, तेही ज्यांनी दोन वर्षांपूर्वी त्यांचं लग्न लावलं होतं, त्या चार्ल्स ड्रेसर या पाद्र्यांकडून. तेव्हा ते जेमतेम दीड मजल्याचं होतं. वकिली जमली, मुलं झाली, तसा १८५६ मध्ये वरचा मजला पूर्ण चढवला. धाकटे तिघे मुलगे याच घरात जन्मले आणि त्यांतला एडवर्ड १८५० मध्ये, चार वर्षांचाही झालेला नसताना, याच घरात गेला. लिंकन यांच्या स्वतःच्या मालकीचं आयुष्यभरात हे एवढं एकच घर.

फेब्रुवारी १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघताना त्यांनी बरंचसं सामान विकलं आणि घर भाड्याने दिलं. परत येण्याचा विचार मनात होता. १८६५ च्या मे महिन्यात गावात आलं ते त्यांचं पार्थिव. त्या दिवसांत घरावर काळं कापड चढवलेलं होतं.

पुढे मालकी थोरला मुलगा रॉबर्ट याच्याकडे आली आणि घरात भाडेकरू येत-जात राहिले. १८८० च्या दशकात ऑस्बर्न ओल्ड्रॉइड इथे राहायला आला. लिंकन यांच्याविषयीच्या वस्तू गोळा करण्याचं त्याला वेड होतं. त्या त्याने खालच्या खोल्यांत मांडल्या, लोक पाहायला येऊ लागले, भाडं मात्र थकत गेलं. वडिलांच्या नावावर असा धंदा चालावा, हे रॉबर्टला रुचलं नाही. १८८७ मध्ये त्याने घर राज्याला देऊन टाकलं, दोन अटींवर: डागडुजी नीट ठेवायची आणि लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. राज्याने पहिला रखवालदार नेमला तो ओल्ड्रॉइडलाच!

१९७१ च्या कायद्याने घर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं आणि केंद्राच्या उद्यान खात्याकडे गेलं. शेजारची जुनी घरंही जपली गेली, भोवतीच्या रस्त्यांवर मोटारी बंद झाल्या. आत बहुतेक गोष्टींना हात लावू देत नाहीत. जिन्याचा कठडा मात्र मूळचा आहे, आणि वर चढताना तो धरता येतो.