लहान झालेल्या पोटाचे पहिले तीन महिने

वजन कमी करण्यासाठीचं ऑपरेशन झालेलं असतं पोटाचं आणि दुसऱ्या दिवशी पेशंट तक्रार करतो खांद्याची. खांदा असा ठणकतो की हार्टचं तर काही नाही ना, म्हणून घरचे धास्तावतात. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना सर्जनला आत जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडासा राहतोच आणि छाती व पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला डिवचत बसतो. या पडद्याची नस निघते थेट मानेतून, आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही त्याच भागातून येतात. मेंदूला वाटतं, दुखतोय तो खांदाच. दोन-तीन दिवसांत वायू शोषला जातो आणि दुखणं थांबतं. तोवर खोलीत, व्हरांड्यात थोडं थोडं चालत राहायचं.

वजन कमी करण्यासाठीच्या ऑपरेशनांमध्ये, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरीत, आज सर्वांत जास्त होतात ती दोन: स्लीव्ह आणि बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा). स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलीटरची छोटी थैली करून ती लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. एडवर्ड मेसन या अमेरिकन सर्जनने १९६६ मध्ये आयोवात पहिला बायपास केला, तेव्हा हिशेब सरळ होता: जागा कमी, म्हणून खाणं कमी. पुढे १९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन सापडलं. भूक चाळवणारं हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय दोन्ही ऑपरेशनांनंतर जेवल्यावर जीएलपी-१ सारखी, पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवतात. सध्या गाजत असलेली वजन कमी करण्याची इंजेक्शनं याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

म्हणजे ऑपरेशनने पिशवी लहान होते, आणि त्याबरोबर भुकेची आतून येणारी हाकही बदलते. घरी आल्यावरच्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात. भूक लागली की खावं, तहान लागली की प्यावं, ही जन्मभराची रीत काही महिने कामाची राहत नाही.

आधी पाण्याचं बघू, कारण ऑपरेशननंतर पुन्हा हॉस्पिटल गाठावं लागण्याच्या कारणांत पाणी कमी पडणं हे अगदी वरचं आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव जायला हवं, पण घटाघटा पिणं आता जमत नाही. दोन मोठे घोट एकदम घेतले तरी छातीत दाटतं. दुपारी तोंडाला कोरड पडल्यावर पाण्याकडे वळणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मागे पडलेलं पाणी त्या दिवशी भरून निघत नाही. म्हणून बाटली हाताशी ठेवून दर काही मिनिटांनी एक घोट, उठल्यापासून झोपेपर्यंत. लघवी गडद पिवळी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय असं समजावं. मूत्रपिंडासाठी हे महत्त्वाचं आहेच, पण मळमळही पाणी कमी पडल्याने वाढते, आणि मळमळ वाढली की पिणं आणखी कमी होतं.

खाण्याच्या पायऱ्या प्रत्येक हॉस्पिटल थोड्या वेगळ्या सांगतं, आणि त्यातल्या तुमच्या हॉस्पिटलच्याच पाळायच्या. ढोबळ क्रम असा: पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, मग साधारण दोन आठवडे दाट द्रव, त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, अर्थात अगदी थोडं. आपल्या स्वयंपाकघरात यातलं बरंच आधीपासून आहे. मुगाचं कढण, गाळलेलं ताक, वरणाचं पाणी, टोमॅटोचं सार, पुढे घोटलेली डाळ, दही, मऊ उकडलेलं अंडं. अडचण प्रोटीनची. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात, आणि एका अंड्यात असतं साधारण ६ ग्रॅम. वरणाच्या पाण्यावर हा आकडा गाठता येत नाही. म्हणून सुरुवातीला प्रोटीन पावडर देतात. ती फक्त जिममधल्या मुलांसाठी असते असं समजून बाजूला ठेवू नये. ताटात प्रोटीन आधी, भात-पोळी नंतर. आणि उपवास! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. चार चमच्यांत पोट भरणार असेल तर ते चार चमचे त्याच्यावर घालवू नयेत. निर्जळी उपवासाचा तर पहिल्या वर्षात विचारही नको.

पोळी आणि कोरडा भात मऊ दिसतात, पण नीट न चावता गेले तर गोळा होऊन अडकतात. मग छातीत कळ, तोंडात फेसाळ चिकट लाळ, आणि शेवटी ते वर येतं. जेवताना पाणी पिऊन घास ढकलायची सवय सोडावी लागते. जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. बायपासवाल्यांनी गोडाला जरा जास्तच जपावं. साखर पटकन आतड्यात उतरली की दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली येऊन थरथर सुटते, तेही याच कुळातलं.

या काळात घरातल्यांची परीक्षा पेशंटपेक्षा मोठी असते, असं माझं मत. ‘अगं, दोन घास तरी जास्त घे, किती वाळलीस’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण टाक्यांच्या ताज्या ओळीवर तो तिसरा घास ताण देतो. आग्रह करायचाच असेल तर पाण्याचा करावा.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनाचा काटा अडतो आणि फोन सुरू होतात: ऑपरेशन फेल गेलं का? नाही. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पहिल्या दिवसांत हा साठा संपतो, त्याबरोबर पाणी जातं आणि काही किलो झरझर उतरतात. पुढे साठा थोडा भरतो, पाणी परत येतं आणि चरबी उतरत असूनही काटा हलत नाही. रोज सकाळी काट्यावर उभं राहण्याने फक्त मूड बिघडतो. आठवड्यातून एकदा पुरे.

साधं कुठलं आणि गंभीर कुठलं, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. थैली आणि आतडं यांच्या जोडावरून किंवा टाक्यांच्या ओळीतून गळती शंभरात एखाद-दुसऱ्याला होते, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. तिची पहिली खूण पोटदुखीच असेल असं नाही; अनेकदा ती नाडी असते. स्वस्थ बसलेलं असताना ठोके १२० च्या वर राहिले, सोबत ताप, धाप किंवा वाढतं पोटदुखणं असलं, तर सकाळची वाट बघू नये. तेव्हा खांदादुखीलाही गॅस म्हणून सोडून देऊ नये. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकदम दम लागला तर रक्ताची गाठ असू शकते. लवकर चालायला लावतात आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं देतात ती यासाठीच.

एक धोका कमी ऐकलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. थायामिन, म्हणजे बी-१, या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. खाणं आधीच तुटपुंजं, त्यात उलट्या लागल्या की हा साठा आटतो आणि मेंदूला इजा होऊ लागते: एकाचे दोन दिसणं, झोक जाणं, बोलण्यात गोंधळ. आता आपल्याकडची पद्धत बघा. अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यायचं. त्या बाटलीत ग्लुकोज असेल आणि आधी बी-१ दिलेलं नसेल, तर ग्लुकोज जाळायला उरलंसुरलं बी-१ वापरलं जातं आणि मेंदूचं नुकसान वाढू शकतं. उलट्या दोन-तीन दिवसांहून जास्त चालल्या तर आपल्या सर्जनला गाठावं. दुसरीकडे जावं लागलंच, तर ऑपरेशन झाल्याचं सांगून बाटलीआधी बी-१ मागावं. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. शाकाहारी माणसाचं बी-१२ तर बहुधा ऑपरेशनपूर्वीच काठावर असतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवावं, आणि लोहाची गोळी चहासोबत कधीच नाही.

जुन्या औषधांचं उलटं होतं. मधुमेहींची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते; इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी पूर्वीच्याच डोसमध्ये चालू ठेवली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नये. विशेषतः बायपासनंतर जोडावर अल्सर होतो, आणि तंबाखू-सिगारेट त्यात भर घालते. झरझर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून बरेच डॉक्टर पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात.

तिसऱ्या महिन्यात केस गळू लागतात. कंगव्यात पुंजके येतात आणि तेलांची खरेदी सुरू होते. ऑपरेशन आणि उपासमार यांच्या धक्क्याने एकदमच बरेच केस विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर पुढच्या सहा महिन्यांत केस परततात, तेल कुठलंही लावा.

तरुण मुलींना आणखी एक गोष्ट वेळेवर सांगायला हवी. पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडामुळे ज्यांची पाळी वर्षानुवर्षं अनियमित असते, त्यांना वजन उतरू लागताच पाळी येते आणि दिवसही राहू शकतात. वजन वेगाने उतरत असताना गर्भाला पुरेसं पोषण मिळेल याची खात्री नसते, म्हणून १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी पूर्ण शोषली जाईलच असं नाही. तेव्हा कॉपर-टीसारखा दुसरा उपाय ऑपरेशनच्या आधीच, नवऱ्यासह डॉक्टरांशी बोलून ठरवून ठेवावा.