वाहनाची दुआ वेगळी, सफरची वेगळी

गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर 'सुब्हानल्लझी सख्खर लना हाजा' छापलेलं असतं आणि वर मथळा 'सफरची दुआ'. परदेशी नोकरीला निघालेला माणूस तेवढं म्हणतो आणि झालं असं समजतो. खरं तर ती वाहनावर बसण्याची दुआ. सफरची दुआ तिथून पुढे सुरू होते.

वाहनाची दुआ थेट कुरआनातली, सूरह जुखरुफच्या 13 आणि 14 क्रमांकाच्या आयतींतली. ज्याने हे वाहन आमच्या ताब्यात दिलं तो पवित्र आहे, आम्हाला ते कधी जमलं नसतं, आणि आम्ही आमच्या रबकडेच (पालनकर्त्याकडेच) परतणार आहोत, एवढाच तिचा आशय. रोज कामावर जातानाही ती म्हणावी. प्रेषितांचे जावई हजरत अली यांच्या रिवायतीत (कथनात) रिकिबीत पाय ठेवताना 'बिस्मिल्लाह', जनावराच्या पाठीवर नीट बसल्यावर 'अल्हम्दुलिल्लाह' आणि मग ही आयत, असा क्रम येतो.

सफरची दुआ हदीसमधली, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतली. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात प्रेषितांचे साथीदार अब्दुल्लाह इब्न उमर सांगतात की, प्रेषित ﷺ सफरला निघताना उंटावर बसले की तीनदा 'अल्लाहु अकबर' म्हणत, मग हीच आयत, आणि लगेच पुढे 'अल्लाहुम्म इन्ना नस्अलुक फी सफरिना हाजा...' घोटाळा होतो तो इथेच: पहिली दुआ दुसरीच्या पोटात आहे, आणि स्टिकरवर जागा तेवढ्याचीच.

पुढच्या भागात नेकी आणि तकवा (अल्लाहचं भय बाळगून वागणं) मागितला जातो, वाट सोपी व्हावी, अंतर कमी व्हावं म्हणून विनवणी होते. मग येतं ते वाक्य: सफरात तूच सोबती, आणि मागे घरच्यांना सांभाळणाराही तूच. त्यापाठोपाठ सफरचे कष्ट, उदास करणारं दृश्य आणि परतल्यावर मालाचं किंवा घरच्यांचं काही वाईट झालेलं दिसणं, यांपासून पनाह, म्हणजे आसरा, मागितला जातो. घर मागे टाकून कमवायला निघालेल्याच्या मनात दुसरं असतं तरी काय? वाहनाच्या दुआत घरही नाही, पैसाही नाही. परतताना हीच दुआ म्हणून 'आयिबून, ताइबून, आबिदून, लिरब्बिना हामिदून' (आम्ही परतणारे, तौबा करणारे, इबादत करणारे, आमच्या रबची स्तुती करणारे) जोडायचं.

सफर कशाला म्हणायचं, हा फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा प्रश्न; कारण मुसाफिराला नमाज कमी करण्याची सवलत असते. फिकहच्या हनफी पंथाच्या मतात साधारण 77 किलोमीटरपुढचा प्रवास, आणि एका ठिकाणी 15 दिवस राहण्याची नियत केली की माणूस मुकीम, म्हणजे तिथला रहिवासी. शाफई पंथाच्या मतात ही मुदत चार दिवसांची. म्हणजे वर्षभराच्या करारावर गेलेल्याने तिथे नमाज पूर्ण पढायची; 'मी तर मुसाफिर' ही सबब चालत नाही.

'मागे तूच सांभाळणारा' म्हटलं म्हणजे आपली जबाबदारी टळली, असंही नव्हे. 622 साली मक्का सोडताना प्रेषितांनी लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अलींना मागे ठेवलं होतं, असं सीरतमध्ये (प्रेषितांच्या चरित्रात) येतं. जिवावर बेतलेलं असतानाही ठेवींचा हिशेब सुटला नाही! तेव्हा देणंघेणं लिहून ठेवावं, बँकेच्या आणि जमिनीच्या कामांसाठी विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करावं, घरखर्च कोणत्या तारखेला पोचेल हे बायकोला सांगावं. मग दुआ.

अरबी पूर्ण पाठ नसेल, तर आयत म्हणून झाल्यावर पुढचं मागणं आपल्या भाषेत मागितलं तरी चालतं.