संत पीटर बॅसिलिका हे पोपमहाशयांचं कॅथीड्रल नाही

रोमची यात्रा करून आलेल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपच्या फोटोंखाली एक ओळ ठरलेली असते: ‘पोपमहाशयांचं कॅथीड्रल, व्हॅटिकन’. फोटोत संत पीटरचा चौक आणि मागे घुमट. फोटो सुरेख असतो, पण ओळ चुकीची.

संत पीटर बॅसिलिकेबद्दल फार लिहीत नाही. संत पीटरची कबर, १५०६ ते १६२६ चाललेलं बांधकाम, सुरक्षा तपासणीची रांग, खांदे-गुडघे झाकणारे कपडे, हे सगळं निघण्याआधीच पाठ झालेलं असतं.

घोळ होतो तो ‘मोठं चर्च म्हणजे कॅथीड्रल’ या समजुतीमुळे. बॅसिलिका हा पोपमहाशयांनी एखाद्या चर्चला दिलेला मान. कॅथीड्रलचा संबंध मात्र आसनाशी. कॅथेड्रा म्हणजे बिशपचं, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचं, आसन. ते ज्या चर्चमध्ये, ते त्या धर्मप्रांताचं कॅथीड्रल, मग चर्च केवढंही असो. पोप हे रोमचे बिशप, आणि त्यांचं आसन आहे शहराच्या दुसऱ्या टोकाला, संत जॉन लॅटरनमध्ये. एकच चर्च दोन्हीही असू शकतं. लॅटरन बॅसिलिका आहे आणि कॅथीड्रलही. संत पीटर फक्त बॅसिलिका.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, “पण आसन तर आम्ही संत पीटरमध्येच पाहिलं!” पाहिलं असणारच. वेदीच्या मागे शिल्पकार बेर्निनीने घडवलेलं कांस्याचं भलंमोठं सिंहासन आहे, चार धर्मपंडितांच्या पुतळ्यांनी तोललेलं, वर पिवळ्या उजेडाच्या खिडकीत कबुतर. त्याच्या पोटात एक प्राचीन लाकडी खुर्ची जपून ठेवली आहे. ते संत पीटरच्या अधिकाराचं स्मारक आहे, त्यावर कुणी बसत नाही. लॅटरनचं आसन संगमरवरी, रंगीत मोझेकच्या नक्षीचं, आणि तिथे खरोखर बसायचं असतं. नवे पोप निवडून आले की तिथे जाऊन त्या आसनाचा ताबा घेतात. पोप फ्रान्सिस यांनी ७ एप्रिल २०१३ रोजी घेतला, पोप लिओ चौदावे यांनी २५ मे २०२५ रोजी.

९ नोव्हेंबरच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) आपण दरवर्षी लॅटरनचं नाव ऐकतो. जगभरातली कॅथलिक चर्चेस या एका चर्चच्या समर्पणाचा सण पाळतात, कारण ते सगळ्या चर्चेसची आई मानलं जातं. दर्शनी भागावर लॅटिनमध्ये तसं कोरलेलंच आहे. आणि ग्रुपच्या वेळापत्रकात याच चर्चपुढे ‘वेळ उरल्यास’ असं लिहिलेलं असतं! मला याचं खरंच वाईट वाटतं. संत पीटरच्या घुमटाच्या ५५१ पायऱ्यांसाठी अर्धा दिवस निघतो. लॅटरनसमोर रस्ता ओलांडला की भाविक गुडघ्यांवर चढतात तो २८ पायऱ्यांचा पवित्र जिना मात्र बसच्या खिडकीतून दाखवला जातो.

माझं स्पष्ट मत: दिवसाची सुरुवात लॅटरनला करा. सकाळची मिस्सा तिथे, मग पवित्र जिना, आणि दुपारनंतर संत पीटर. लॅटरनजवळच्या सान जोव्हान्नी स्टेशनपासून संत पीटरजवळच्या ओत्ताव्यानोपर्यंत मेट्रोची ए लाइन थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. लॅटरनमध्ये शिरल्यावर बारा प्रेषितांच्या पुतळ्यांपाशी फोटोत अडकू नका, सरळ वेदीच्या मागच्या अर्धगोलापर्यंत जा. आसन तिथे आहे. बहुतेक वेळा रिकामंच असतं. त्याच्यासमोर बसून पोपमहाशयांसाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणा, ग्रुपमधल्या सगळ्यांनी, मोठ्याने.