स्टिम्युलस पॅकेज आणि बायपार्टिझन राजकारण (अमेरिका)

मंदी आली की सरकारने कर्ज काढून बाजारात पैसा ओतायचा का (स्टिम्युलस), आणि ओतायचाच असेल तर त्यासाठी विरोधी पक्षाचीही मतं हवीत का (बायपार्टिझन, म्हणजे दोन्ही पक्षांच्या सहमतीचं), यावरचा अमेरिकेतला वाद. सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे फेब्रुवारी २००९ चा ७८७ अब्ज डॉलरचा कायदा, ज्याला लोक ओबामांचं स्टिम्युलस म्हणतात.

आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला तर खासदारकीच धोक्यात येते. तिकडे तसं नाही, खासदार पक्षाच्या विरोधात मत देऊनही जागेवर राहतो, त्यामुळे समोरच्या पक्षातली चार-दोन मतं आपल्याकडे वळवणं हा तिथल्या कामकाजाचा रोजचाच भाग आहे. शिवाय सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, १०० पैकी ६० मतं जमली नाहीत तर बहुतेक विधेयकं अडवून धरता येतात आणि २००९ च्या सुरुवातीला ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे ६० नव्हती.

आता गंमत नाही तर खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट अशी की फक्त एक वर्ष आधी, फेब्रुवारी २००८ मध्ये, रिपब्लिकन बुश राष्ट्राध्यक्ष असताना १५२ अब्ज डॉलरचं पॅकेज दोन्ही पक्षांनी मिळून पास केलं होतं, सिनेटमध्ये ८१ विरुद्ध १६ मतांनी, आणि त्याच्या वाटाघाटी डेमोक्रॅट सभापती नॅन्सी पलोसी आणि रिपब्लिकन नेते जॉन बेनर यांनी एकत्र बसून केल्या होत्या. जानेवारी २००९ मध्ये परिस्थिती त्याहून कितीतरी वाईट होती, बेकारी ७.८ टक्क्यांवर गेलेली. २७ जानेवारीला ओबामा स्वतः कॅपिटॉल हिलवर, म्हणजे संसदेत, रिपब्लिकन खासदारांना भेटायला गेले, पण ते पोचायच्या आधीच बेनर यांनी आपल्या लोकांना विरोधात मत द्यायला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी विधेयक खालच्या सभागृहात २४४ विरुद्ध १८८ ने पास झालं, रिपब्लिकन मत एकही नाही, उलट ११ डेमोक्रॅट फुटले. रिपब्लिकनांचं म्हणणं होतं की खर्च अवाढव्य आहे, कर्ज वाढेल, आम्हाला मसुद्यात विचारलंच नाही, त्यापेक्षा कर कमी करा. हे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते, पण पॅकेजचा एक तृतीयांशाहून जास्त भाग करसवलतीच होत्या हेही खरं.

सिनेटमध्ये तीन रिपब्लिकन आले: मेनच्या सुझन कॉलिन्स आणि ऑलिंपिया स्नो, पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर. त्यांच्या मतांची किंमत नीट बघायला हवी. कॉलिन्स आणि डेमोक्रॅट बेन नेल्सन यांनी मिळून साधारण १०० अब्ज डॉलर कापले, त्यात शाळांच्या इमारतींचा आणि राज्यांना द्यायचा पैसा होता. अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांना बजेट तुटीशिवाय मांडावं लागतं, म्हणजे महसूल आटला की ती शिक्षक कमी करतात, भरती थांबवतात आणि केंद्र एका हाताने देत असताना राज्यं दुसऱ्या हाताने काढून घेतात, म्हणून नेमकी हीच कात्री सगळ्यात जास्त लागली असं माझं मत. स्पेक्टर यांनी मात्र वैद्यकीय संशोधनासाठी १० अब्ज डॉलर मिळवले, ते चांगलंच झालं.

१३ फेब्रुवारीला अंतिम मतदान झालं तेव्हा टेड केनेडी आजारी होते, मिनेसोटाची एक जागा निकालाच्या वादात रिकामी होती आणि ६० वं मत ओहायोचे शेरॉड ब्राउन यांचं होतं, ज्यांच्या आईचं नुकतंच निधन झालेलं. मतदान पाच तासांहून जास्त उघडं ठेवलं, ब्राउन आईच्या अंत्यदर्शनाच्या कार्यक्रमातून सरकारी विमानाने वॉशिंग्टनला आले, मत दिलं, आणि अंत्यसंस्कारासाठी लगेच परत गेले. ६० विरुद्ध ३८. चार दिवसांनी डेन्व्हरमध्ये ओबामांनी सही केली.

पुढे काय झालं? पॅकेज केलं तर बेकारी ८ टक्क्यांच्या आत राहील असा ओबामांच्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज होता, ती ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली, आणि विरोधकांना आयतं हत्यार मिळालं. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन सुरुवातीपासून ओरडून सांगत होते की रक्कम अपुरी आहे. करसवलतही लोकांच्या लक्षात आली नाही कारण २००८ सारखा चेक घरी आला नाही, माणशी ४०० डॉलर पगारातून थोडे थोडे सोडले. हिशेब असा होता की लोक अशी रक्कम साठवत नाहीत, खर्च करतात, पण राजकारणात त्याचं श्रेय शून्य.

हात पुढे करणाऱ्यांचे हाल झाले. स्पेक्टर यांनी एप्रिलमध्येच पक्ष बदलला आणि २०१० ची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) हरले. फ्लोरिडाचे रिपब्लिकन गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी फोर्ट मायर्सच्या सभेत ओबामांना मिठी मारली होती, ती त्यांना शेवटपर्यंत भोवली, पक्ष सोडून अपक्ष लढावं लागलं आणि मार्को रुबिओंकडून हरले. विस्कॉन्सिन, ओहायो, फ्लोरिडाच्या नव्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी रेल्वेसाठी आलेला पैसाही नाकारला, एकट्या फ्लोरिडाने जवळपास २.४ अब्ज डॉलर.

नंतरचे आकडे हाच धागा पुढे नेतात. मार्च २०२० मध्ये ट्रम्प असताना २.२ ट्रिलियनचं कोविड पॅकेज सिनेटमध्ये ९६ विरुद्ध ०, मार्च २०२१ मध्ये बायडन असताना १.९ ट्रिलियनचं ५० विरुद्ध ४९, तेही साध्या बहुमतावर चालणाऱ्या रिकन्सिलिएशनच्या वाटेने. खर्चाची भीती तीच, फक्त व्हाइट हाउसमधला माणूस बदललेला. अपवाद २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याचा: सिनेटमध्ये १९ आणि खालच्या सभागृहात १३ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं, रस्ते-पूल प्रत्येकाच्याच मतदारसंघात असतात. त्या तेरांपैकी मिशिगनचे फ्रेड अप्टन यांना त्यानंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.