शेकरूचा पत्ता: कोणतं जंगल, कोणता मजला, कोणतं झाड?

दुसरी-तिसरीच्या मुलांना ‘वर्षावनातले प्राणी’ हा प्रकल्प दिला की रविवारी संध्याकाळी घरोघरी प्रिंटरची घरघर सुरू होते. सोमवारी वर्गात येणाऱ्या तक्त्यावर टूकन, वाघ, झेब्रा आणि सिंह एकाच झाडाखाली उभे असतात. टूकन हा मोठ्या चोचीचा पक्षी दक्षिण अमेरिकेतला, झेब्रा आफ्रिकेच्या गवताळ माळावरचा, गीरचा सिंह शुष्क पानगळीच्या जंगलातला. यात मुलांची चूक नाही. ‘जंगल’ हा आपला एकच शब्द काटेरी झुडपांपासून घनदाट रानापर्यंत सगळ्याला पुरतो आणि ‘माहिती लिहा’ म्हटलं की मुलं चित्र चिकटवून रंग, वजन, आहार उतरवून काढतात. प्राणी तिथेच का राहतो, हा प्रश्न राहूनच जातो.

म्हणून माहितीच्या आधी पत्ता विचारावा. पुण्यातल्या मुलाला इमारत, मजला, फ्लॅट नंबर हे सगळं पाठ असतं. प्राण्याचाही पत्ता तसाच तीन ओळींत लिहायला सांगावा: कोणतं जंगल, कोणता मजला (जमीन, मधल्या फांद्या की शेंडे), कोणतं झाड किंवा डबकं. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची: इथलं काय नाहीसं झालं तर हा प्राणी इथे राहू शकणार नाही? ही ओळ कुठल्याही संकेतस्थळावरून जशीच्या तशी उतरवता येत नाही, तिच्यासाठी मुलाला विचार करावाच लागतो.

सुरुवात अ‍ॅमेझॉनपासून करू नये. पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत भीमाशंकर आहे. १९८५ साली अभयारण्य झालेलं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं जंगल निमसदाहरित आहे, म्हणजे काही झाडं वर्षभर हिरवी राहतात, काही पानं गाळतात. आपल्याकडे पाऊस चारच महिने पडतो आणि उरलेले आठ महिने झाडांना कोरड्यात काढावे लागतात, त्यामुळे अ‍ॅमेझॉनची उंची इथे नाही. पण जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या शेंड्यांची एकमेकांत गुंतलेली छत्री आहे, आणि त्या छत्रीत महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू राहतो.

शेकरू म्हणजे मोठी खार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर, वजन दीड ते दोन किलो. फळं, फुलं, बिया, साल असं सगळं तिला झाडावरच मिळतं, त्यामुळे ती जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ती ६ मीटरपर्यंत उडी मारते. काड्या आणि पानांची गोल घरटी ती फांद्यांच्या बारीक टोकांकडे, शेजारच्या झाडाची फांदी जिथे हाताशी येते अशा जागी बांधते. जड शिकाऱ्याला तिथवर पोचता येत नाही आणि पळायची वाट उघडी राहते. घरटंही एकच नसतं, एकीचीच अनेक असतात. त्यामुळे दिसलेल्या घरट्यांइतकी शेकरं, असा हिशेब मुलं हमखास करतात, तो तिथेच दुरुस्त करावा.

६ मीटर हा आकडा मुलांना कागदावर कळत नाही, तो मैदानावर काढावा. खडूने एका रांगेत दोन-दोन मीटर व्यासाची पाच वर्तुळं काढायची, दोन वर्तुळांच्या कडांमध्ये ४ मीटर अंतर ठेवायचं. एकूण २६ मीटर जागा लागते, सोसायटीचं रिकामं पार्किंगही चालेल. वर्तुळ म्हणजे झाडाचा पर्णभार, खोड नव्हे. अंतर खोडापासून खोडापर्यंत मोजलं की सगळाच हिशेब चुकतो, आणि मोठी माणसंही ही चूक करतात. आधी मुलांनी स्वतःची उडी मोजावी. सात-आठ वर्षांचं मूल न धावता, उभ्या जागेवरून उडी मारून एक-सव्वा मीटर जातं. मग ६ मीटरची दोरी हातात घेऊन ‘शेकरू’ या वर्तुळातून त्या वर्तुळात जाते. ४ मीटरचं अंतर दोरीत आरामात बसतं. आता मधलं एक वर्तुळ पुसायचं. अंतर होतं ४ अधिक २ अधिक ४, म्हणजे १० मीटर. दोरी पुरत नाही. पाचातलं एकच झाड गेलं आणि शेकरूला जमिनीवर उतरावं लागलं, जिथे बिबट्या आहे, रस्ता आहे, गाड्या आहेत. जंगल तुटणं म्हणजे काय, हे दुसरीतल्या मुलाला यापेक्षा सोपं करून सांगता येईल असं वाटत नाही.

एवढं झाल्यावर मग अ‍ॅमेझॉन. तिथे मजले स्वच्छ दिसतात. छतातूनही वर डोकं काढलेली झाडं सर्वांत वर. आपल्या काटेसावरीच्या कुळातलं कापोक त्यांपैकीच, हार्पी गरुड त्याच्यावर घरटं करतो. खाली छताचा मजला, तिथे टूकन आणि फांद्यांना लटकून राहणारा, अतिशय संथ स्लॉथ. तीन बोटांचा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा शौचाला खाली उतरतो, हे मुलांना फार आवडतं आणि कायमचं लक्षात राहतं. जमिनीवर जग्वार आणि डुकरासारखा दिसणारा टॅपिर. छत इतकं दाट असतं की सूर्यप्रकाशाचा जेमतेम २ टक्के भाग जमिनीवर पोचतो.

चौथ्या ओळीसाठी सह्याद्रीतले आणखी दोन प्राणी उत्तम आहेत. पहिला महाधनेश. तळकोकणातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत त्याची मादी स्वतःला कोंडून घेते, एक अरुंद फट ठेवून ढोलीचं तोंड लिंपते, आणि नर त्या फटीतून तिला उंबरवर्गीय फळं भरवतो. पण धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. ती जुन्या, जाड खोडात आपोआप झालेली लागते. म्हणजे म्हातारी झाडं तोडून हजार रोपं लावली, तर डोंगर हिरवा दिसेल, पण कित्येक दशकं धनेशाला तिथे घर मिळणार नाही. दुसरा मलबारी उडता बेडूक. तो पावसाळ्यात डबक्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो आणि अंड्यांतून निघालेली पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. नुसतं झाड किंवा नुसतं डबकं त्याला पुरत नाही. डबक्यावर झुकलेलं झाडच हवं.

‘पण शेकरू नसली तर आपलं काय बिघडतं?’ एखादं मूल हे विचारतंच, आणि विचारायलाच हवं. पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. शहरात वर्षाला ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पश्चिमेला घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. धरणं भरतात ती त्या पावसाने. तो उतारावर कसा वाहतो, हे बाटल्यांत दाखवता येतं.

दोन लिटरच्या तीन बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू लांबट कापायची. तिन्हींत एकच चाळलेली माती तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत दाबून भरायची. एकीत भिजवलेले गहू दाट पेरून १२ ते १५ दिवस वाढू द्यायचे. दुसरीत मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं जाड थर. तिसरी उघडी. बुडाखाली ३-४ सेंटिमीटर जाडीचं पुस्तक ठेवून तोंडाकडे उतार करायचा आणि तोंडाखाली पेला ठेवायचा. आधी प्रत्येकीत २०० मिलिलिटर पाणी शिंपडून अर्धा तास थांबायचं. ही पायरी गाळली की कोरडी माती सगळं पाणी पिऊन टाकते आणि तिन्ही पेले रिकामे राहतात. प्रयोग बहुतेक वेळा इथेच फसतो. मग प्रत्येकीवर झारीने एका मिनिटात अर्धा लिटर पाणी सारखं शिंपडायचं. तांब्याने धार धरली तर मातीत खड्डा पडतो. उघड्या मातीचं पाणी भराभर आणि चहासारखं गढूळ येतं. गव्हाच्या बाटलीतलं सावकाश आणि बरंच नितळ. खऱ्या जंगलाची मुळं कितीतरी खोल जातात, तेव्हा बाटलीतून फक्त दिशा कळते, प्रमाण नाही. उतारावरची झाडं गेली तर हाच गाळ धरणात बसतो आणि तेवढी पाण्याची जागा कमी होते.

दूरच्या जंगलाचा धागा स्वयंपाकघरात सापडतो. बिस्किटाच्या पुड्यावरची घटकांची यादी मुलांना वाचू द्यावी, पामतेल बऱ्याचदा निघतं. भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येतं. तिथे तेलमाडाच्या बागांसाठी ओरांगउटानची जंगलं तुटली आहेत. बोर्निओतली ओरांगउटान मादी सात-आठ वर्षांतून एकदाच विते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो. पण ‘पामतेल वाईट’ एवढ्यावर थांबू नये. तेवढंच तेल इतर पिकांतून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल. खरा प्रश्न बाग कोणत्या जमिनीवर लावली हा आहे, आणि तो आठ वर्षांच्या मुलाला नीट समजतो.

सगळ्यात शेवटी भीमाशंकर. पाऊस सरल्यावर, सकाळी लवकर, देवळाच्या गर्दीपासून दूर. खाऊ पिशवीतून बाहेर काढायचा नाही, शेकरूला बिस्किटांची सवय लागते. आधी प्राणी शोधू नये, घरटी शोधावीत: दोन झाडांचे शेंडे जिथे भिडतात तिथे काड्या-पानांचा गोळा दिसतो. नाहीच दिसला तर वाटेवर नजर ठेवावी. अर्धवट कुरतडलेली ताजी फळं पडलेली दिसली की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि मान वर करायची.