रेव्हन्स म्हणजे जुने ब्राउन्स नव्हेत

अमेरिकन फुटबॉलमधला बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ म्हणजे नाव बदललेले क्लीव्हलँड ब्राउन्स, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धंच खरं! १९९६ मध्ये मालक आर्ट मॉडेल खेळाडूंसकट बाल्टिमोरला गेले. पण चिडलेल्या क्लीव्हलँडने कोर्टकचेऱ्या करून नाव, रंग आणि सगळे विक्रम गावातच राखले. त्यामुळे एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, दप्तरी रेव्हन्स हा १९९६ चा नवा संघ. १९६४ चं विजेतेपद आणि ब्राउन्सचा जुना खेळाडू जिम ब्राउनने चेंडू घेऊन धावत कापलेले १२,३१२ यार्ड क्लीव्हलँडच्याच खात्यात.

गंमत किकर (चेंडू लाथाडून गुण मिळवणारा खेळाडू) मॅट स्टोव्हरची. मालक तोच, गाव बदललं, आणि त्याचे गुण दोन संघांत विभागले गेले! १९९९ मध्ये नव्याने उभे राहून मैदानात परतलेल्या ब्राउन्सना इतिहास आयता मिळाला, खेळाडू मात्र विस्तार ड्राफ्टमधून (नव्या संघाने इतर संघांच्या मोकळ्या केलेल्या खेळाडूंतून निवड करणं) गोळा करावे लागले. पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गने त्यांना ४३-० धुतलं.