मंदी आणि महागाई: घराला बसणारे दोन वेगळे फटके

महिनाअखेरीस हातात पैसे उरत नाहीत, तेव्हा उत्पन्न घटले म्हणून उरत नाहीत की खर्च वाढला म्हणून, याचा निवाडा बहुतेक घरांत होत नाही. ओढाताण तीच असते आणि दुकानदाराची उधारीही तीच असते, त्यामुळे मंदी आणि महागाई ही एकाच संकटाची दोन नावे आहेत अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात मंदी घरात येणाऱ्या पैशावर घाव घालते आणि महागाई घरातून जाणाऱ्या पैशावर. एकीवरचा उपाय पुष्कळदा दुसरीला बळ देतो. म्हणून आपल्याला नेमके काय झाले आहे हे ओळखणे ही केवळ अर्थशास्त्रज्ञांची गरज नाही. नोकरी, कर्ज आणि बचत यांचे निर्णय घेणाऱ्या प्रत्येक घराची ती गरज आहे.

मंदी म्हणजे देशातील एकूण उत्पादन आणि उलाढाल आटणे. सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे देशात तयार होणाऱ्या वस्तू व सेवांचे एकूण मूल्य, सलग दोन तिमाह्या घटले, तर मंदी आली असे मानण्याचा प्रघात आहे. महागाई म्हणजे किमतींची सर्वसाधारण पातळी वाढत राहणे, आणि तिचे मोजमाप ग्राहक किंमत निर्देशांकावरून, म्हणजे घरे नेहमी विकत घेतात त्या वस्तू व सेवांच्या किरकोळ भावांवरून होते. उत्पादन वाढत असले पण वाढीचा वेग मंदावला असला, तर जाणकार त्या स्थितीला मंदी म्हणत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे. मात्र ज्या देशात दरवर्षी लाखो तरुण नव्याने कामाच्या शोधात बाहेर पडतात, तिथे नुसता वेग मंदावला तरी नोकऱ्यांची चणचण भासू लागते, आणि त्या तरुणांपुरता मंदी व मंदावलेली वाढ यांतला फरक फारसा उरत नाही.

पाठ्यपुस्तकात या दोन गोष्टी सहसा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या असतात: मंदीत मागणी घटते, म्हणून किमती नरमतात, तेजीत मागणी उसळते, म्हणून महागाई वाढते. आपल्याकडचा अनुभव मात्र बराच काळ निराळा होता. स्वातंत्र्यानंतर १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८० या चार वर्षांत देशाचे उत्पादन घटले, आणि त्यांच्या मुळाशी मुख्यतः पाऊस होता. पाऊस हुकला की शेतातले काम जाई आणि त्याच वेळी धान्यही महाग होई. उत्पन्न घटण्याचे आणि किमती वाढण्याचे कारण एकच असल्यामुळे दोन्ही संकटे एकाच हंगामात दारात येत. आपल्या मनातला गोंधळ निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. त्याला हा इतिहास आहे.

तरीही त्याच इतिहासात या दोहोंतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि तो महाराष्ट्रातच दिसतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांत पेरणी वाया गेली आणि शेतमजुराचा रोजगार अक्षरशः नाहीसा झाला. बाजारात ज्वारी असली तरी ती विकत घ्यायला हातात मजुरी नव्हती. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांची माती उचलणाऱ्या माणसांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या घरात गेली. रेशनवर मिळणारा अमेरिकेचा तांबडा मिलो (ज्वारीसारखे धान्य) आणि कामावर वाटली जाणारी सुकडी त्या पिढीच्या आजही स्मरणात आहेत. त्या गावांची मुख्य मागणी ‘काम द्या’ ही होती.

त्याच सुमारास मुंबईत नोकरदार आणि गिरणी कामगारांच्या घरांत पगार येत होता, पण तेल, साखर, धान्य, रॉकेल यांचे भाव त्या पगाराला दाद देत नव्हते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांची मागणी ‘काम द्या’ ही नव्हती. जीवनावश्यक वस्तू रास्त भावात आणि पुरेशा मिळाव्यात, ही होती. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच दुष्काळातून निघालेली ही दोन आंदोलने शेजारी ठेवली, की घरातली टंचाई दोन वाटांनी कशी येते हे कोणत्याही आलेखाविना कळते.

उपायही दोन निघाले. शहरासाठी रेशन, साठेबाजीवर नियंत्रण आणि महागाई भत्ता. गावासाठी रोजगार हमी. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात आधीच करून पाहिलेली कल्पना दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप मिळाले. तिला पैसा मिळावा म्हणून १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. आजही महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. ज्याचा पगार सुरू आहे त्याने ज्याचे काम गेले आहे त्याच्यासाठी काही द्यावे, हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो, कारण मंदीचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही हे त्यात गृहीत धरलेले आहे.

ओझ्याची ही विषम वाटणी हाच दोहोंतला सर्वांत मोठा भेद आहे. महागाई प्रत्येक घरात शिरते. गरीब घराला ती अधिक बोचते, कारण तिथे उत्पन्नाचा मोठा हिस्सा अन्नावर जातो, पण तिच्यातून पूर्णपणे कोणीच सुटत नाही. मंदीत दहा घरांपैकी आठांना काहीच होत नाही आणि उरलेल्या दोघांचे सगळेच जाते, असे घडू शकते. त्यामुळे महागाईवर घरोघरी बोलले जाते, आणि मंदीत काम गमावलेला माणूस शेजाऱ्यापाशीही ते बोलत नाही. माझ्या मते सार्वजनिक चर्चेत महागाईला मंदीपेक्षा जास्त जागा मिळते ती यामुळे, आणि काम गमावलेल्यांवर तो मोठा अन्याय आहे.

२०१९ साली पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात काय झाले ते पाहावे. त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था वाढतच होती, फक्त वेग मंदावला होता. पण ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली. अशा वेळी नोकरी एका झटक्यात जात नाही, तिच्या पायऱ्या असतात. प्रथम ओव्हरटाइम थांबतो, आणि ज्याने खोलीभाडे व गावी पाठवायचे पैसे ओव्हरटाइम धरून ठरवलेले असतात त्याचे गणित तिथेच मोडते. मग तिसरी शिफ्ट बंद होते. मग कारखाना काही दिवसांचे ब्लॉक क्लोजर, म्हणजे ठरवून उत्पादन बंद, जाहीर करतो. कंत्राटी कामगाराला ‘पुढच्या महिन्यात फोन करू’ असे सांगून घरी पाठवले जाते, आणि त्याची कुठेही कपात म्हणून नोंद होत नाही. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपच्या ऑर्डरी आटतात, आणि तिथून ही झळ मेस, चहाची टपरी, भाड्याच्या खोल्या यांच्यापर्यंत पोहोचते. ठरावीक आकाराच्या कारखान्यातील कायम कामगाराला ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते बसवून ठेवण्याच्या, काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम आणि छाटणी झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. कंत्राटी कामगाराच्या पदरात व्यवहारात यातले क्वचितच काही पडते.

त्याच ऑगस्टमध्ये किरकोळ महागाईचा दर मात्र सव्वातीन टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ४ टक्क्यांच्या उद्दिष्टाच्याही खाली. तरी चाकणच्या त्या कामगाराला सगळेच महाग झाले असे वाटले असेल, तर त्याची भावना खोटी नव्हती. भाडे, शाळेची फी आणि दुचाकीचा हप्ता होता तेवढाच राहिला होता. त्यांच्यापुढचे उत्पन्न आखूड झाले होते. कोणत्याही वस्तूची किंमत न वाढताही घरखर्च जड होऊ शकतो.

याच्या अगदी उलट चित्र २०२२ मध्ये दिसले. महासाथीनंतर उत्पादन सावरत होते, कारखाने चालू होते, पण युक्रेनमधील युद्धामुळे इंधन आणि सूर्यफूल तेल महागले, त्यातच इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली. एप्रिलमध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली आणि मे महिन्यात मुंबईत घरगुती गॅस सिलिंडरने हजार रुपयांची मर्यादा ओलांडली. पगार वेळेवर येत होता, फक्त त्यात पूर्वीएवढे सामान येत नव्हते.

इथे आणखी एक गैरसमज नेहमी होतो. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले, असे नव्हे. १०० रुपयांची तेलाची पिशवी एका वर्षात १२० ची झाली आणि पुढच्या वर्षी १२२ ची, तर महागाईचा दर २० टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्याही खाली आला. घराचा खर्च मात्र वाढलेलाच राहिला. पगार त्या प्रमाणात वाढेपर्यंत ती तूट भरून निघत नाही. त्यामुळे ‘महागाई आटोक्यात’ ही बातमी आणि वाण्याचे बिल यांचा मेळ बसत नाही, तेव्हा दोघांपैकी कोणी खोटे बोलत असते असे मुळीच नाही.

दोन्ही संकटांवरचे उपाय परस्परांना छेद देतात ते व्याजदरापाशी. मंदी हटवण्यासाठी रिझर्व्ह बँक कर्ज स्वस्त करते, महागाई दाबण्यासाठी महाग करते. मार्च ते मे २०२० या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला गेला, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तोच ६.५ टक्क्यांपर्यंत चढवला गेला. २० लाख रुपयांचे, २० वर्षे मुदतीचे गृहकर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १४,९०० रुपये पडतो. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९ टक्के झाला, तर तो सुमारे १८,००० होतो. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, त्यामुळे कित्येक घरांना ही वाढ लगेच जाणवलीही नाही. म्हणजे महागाईचा खर्च वाण्याकडे एकदा झाला आणि तिला आवरण्याचा खर्च बँकेत दुसऱ्यांदा.

सरकारी नोकरांच्या महागाई भत्त्यानेही हे दोन्ही टोकांचे अनुभव घेतले आहेत. १९७४ मध्ये, घाऊक किमती वर्षाला २५ टक्क्यांच्या वेगाने वाढत असताना, लोकांच्या हातातला खर्चाचा पैसा कमी व्हावा म्हणून भत्त्यातील वाढीचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत अडकवला गेला. २०२० मध्ये महासाथीने सरकारचे उत्पन्न आटले, म्हणून केंद्राने भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. जुलै २०२१ मध्ये तो १७ वरून २८ टक्क्यांवर आला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. एकदा कारण महागाईचे होते, दुसऱ्यांदा मंदीचे. भत्त्यातील वाढ मात्र दोन्ही वेळा पूर्णपणे हातात पडली नाही.

२०२० चे ते वर्ष दोन्ही संकटे एकत्र आल्याचे अलीकडचे उदाहरण आहे. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन जवळजवळ २४ टक्क्यांनी घटले, पुढच्या तिमाहीतही ते घटलेलेच राहिले, आणि तरी ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई साडेसात टक्क्यांच्या वर होती, कारण या वेळी वाहतूक आणि पुरवठा विस्कळीत झाला होता. मुंबई-पुण्याहून पायी गावी परतलेल्या मजुराला आटलेली मजुरी आणि महागलेली डाळ या दोन्हींना एकाच वेळी तोंड द्यावे लागले. त्या वर्षी देशभरात रोजगार हमीच्या कामांवर ३८९ कोटी मनुष्यदिवसांची नोंद झाली, हा आकडाच किती घरांचे उत्पन्न थांबले होते ते सांगतो.

ग्रामीण महाराष्ट्रात या तुलनेला आणखी एक पदर आहे. शहरातल्या ग्राहकाचा भाव हाच शेतकऱ्याचा पगार असतो. डिसेंबर २०२३ मध्ये शहरी महागाई आवरण्यासाठी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती मे २०२४ पर्यंत चालली. लासलगावच्या बाजारात भाव कोसळले, आणि ग्राहकाला मिळालेला दिलासा नाशिक जिल्ह्यातील उत्पादकाच्या घरात उत्पन्नाची घट होऊन पोहोचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांपर्यंत उतरला, तो मुख्यतः भाजीपाला आणि डाळी स्वस्त झाल्यामुळे. त्याचे श्रेय मोजताना ही दुसरी बाजूही मोजली पाहिजे.

घरापुरते पाहिले, तर दोन्हींत पैशाची मांडणी निराळी लागते. केवळ महागाई असेल आणि नोकरी पक्की असेल, तर बचत खात्यात नुसती पडलेली रक्कम दरवर्षी झिजते, आणि तरत्या (बाजारातील दरानुसार बदलणाऱ्या) व्याजाच्या कर्जातील थोडी मुद्दल आधीच फेडणे फायद्याचे ठरते. नोकरीच डळमळीत असेल, तर व्याज थोडे बुडले तरी पाच-सहा महिन्यांचा खर्च लगेच काढता येईल असा बाजूला ठेवणे अधिक महत्त्वाचे. त्या वेळी होती ती सगळी शिल्लक कर्जफेडीत घातली, तर पगार थांबल्यावर बँक ती परत देत नाही. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट कर्जहप्ते स्थगित करण्याची मुभा होती, पण त्या महिन्यांचे व्याज चालूच राहिले आणि मुद्दलात मिळवले गेले. हाताशी शिल्लक असूनही ज्यांनी ती मुभा घेतली त्यांचे कर्ज विनाकारण लांबले, आणि ज्यांचा पगारच थांबला होता त्यांना मात्र तिच्यामुळे घर चालवता आले.